दाढेवरचे सरदार

भिंगारदिवे काकांना एखादी गोष्ट नीट बघायची असली की ते चष्मा काढायचे. जग चष्मा घालून बघतं, काका काढून बघत. त्यांचा नंबर इतका जबर होता की चष्म्यामागे त्यांचे डोळे मोहरीच्या दोन दाण्यांसारखे दिसायचे. त्या भिंगांवर ऊन पडलं की खाली धरलेली बिडी पेटते, असं गल्लीत बोललं जायचं. साफ खोटं. मी स्वतः धरून पाहिली आहे. ती भिंगं उलट्या जातीची असतात. त्यांच्याखाली बिडी पेटत नाही, पेटलेली असली तर विझते.

चष्मा काढला की वस्तू नाकापासून तीन बोटांवर धरायची. तेवढ्या अंतरावर काकांना मुंगीच्या पायातले पैंजण दिसत. चौथ्या बोटापलीकडे सगळं पिठलं. पिठलं हा त्यांचाच शब्द. "चष्मा काढला की मानसं, झाडं, म्हशी, समदं एका कढईत," असं ते म्हणत, आणि त्यात त्यांना काही दुःख होतं असं कधी वाटलं नाही.

नाव शमुवेल भिंगारदिवे. धंदा कवळ्या बनवण्याचा. दाताचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे आणि काका दिल्ली गेटच्या आतल्या बोळातल्या एका खोलीत त्यावरून मेणात दात लावायचे, मग गुलाबी हिरड्यांची पक्की कवळी करायचे. खोलीला एकच खिडकी आणि टेबलावर एक दिवा. कुणी म्हणालं की काका, उजेड कमी आहे, तर ते म्हणत, "आडनावात भिंग हाय, दिवे हायेत, अजून काय पायजे?" कर्जतपासून नेवाशापर्यंत त्या काळात जी म्हातारी माणसं बाजरीची भाकरी चावून खात होती ती सगळी काकांच्या जिवावर. जी कालवून खात होती ती दुसऱ्यांची गिऱ्हाइकं.

आता आमच्या खेळाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर. माझे मित्र ललवाणी होमिओपॅथीचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यावरच्या खोलीत टेबल टेनिसचं एक टेबल आहे, त्यावर आजवर कुणी टेबल टेनिस खेळलेलं नाही. ललवाणींच्या मुलाने परदेशातून एकदा छोट्या सैनिकांचा खोका पाठवला. अंगठ्याच्या दोन पेरांएवढे शिपाई, कुणाच्या हातात भाला, कुणाच्या हातात ढाल. ते आपण रंगवायचे, थर्माकोलचे डोंगर मांडायचे, पट्टीने अंतर मोजून फौजा सरकवायच्या आणि फासे टाकून लढाई करायची. पन्नाशीतली माणसं रविवारी दुपारी हे करतात हे ऐकून माझ्या सासरेबुवांनी मुलगी परत न्यायची तयारी केली होती. ती गेली नाही, कारण तिला घरात रविवारची शांतता मिळत होती.

या खेळात सगळा जीव सरदारात. सरदार पडला की फौजेचा धीर सुटतो, आणि फासा वाकडा पडला तर सगळी फौज मैदान सोडते. त्यामुळे आमचा एक कडक नियम होता: सरदार समोरच्या गड्याला पटाच्या पलीकडून ओळखू आला पाहिजे. त्याला शिपायांत लपवून ठेवणं ही सगळ्यात मोठी लबाडी. ती मी करतो असा ललवाणींचा आरोप आहे. पुरावा नाही. अडचण अशी की खोक्यातले शिपाई सगळे एका साच्यातले, एकाच तोंडाचे. तयार सरदार वेगळा मागवावा लागतो आणि तो यायला पाऊसकाळ उलटतो. म्हणजे शिपायातूनच सरदार घडवायला हवा.

काकांशी ओळख झाली ती वडिलांच्या कवळीमुळे. कवळीला चीर गेली म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. माझ्या खिशात एक शिपाई होता, त्याचा भाल्याचा हात मोडलेला. मी सहज म्हणालो, कवळीबरोबर हाही जोडून द्या. चार दिवसांनी गेलो तर कवळी तयार, हातही जोडलेला. पण शिपायाने मान उजवीकडे वळवली होती. मी म्हणालो, काका, हात सांगितला होता, मान का वळवलीत?

"समोर बघून बघून कटाळला हुता," काका म्हणाले.

रविवारी तो शिपाई मी पटावर सगळ्यांत मिसळून ठेवला. ललवाणी जिना चढून वर आले, टेबलाजवळ यायच्या आधीच दारातून म्हणाले, "हा कोण नवीन?" वीसजण समोर बघतायत आणि एकटा बाजूला बघतोय. बस, तेवढंच. पुढच्या रविवारी मी काकांना मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आलो.

त्या दिवशी मी त्यांना माझा स्वतः बनवलेला सरदार मोठ्या ऐटीत दाखवला. आपण लहानपणी दिवाळीत किल्ला करतो, त्यात सगळ्यात वर, सगळ्यात मोठं, सोन्याच्या रंगाचं सिंहासन. तेच डोक्यात बसलेलं. मी सरदाराला आगपेटीच्या सिंहासनावर बसवलं होतं, अंगभर सोनेरी रंग, गळ्यात बायकोच्या तुटलेल्या माळेतले मणी, वर छत्र. काकांनी त्याला नाकाजवळ नेलं, फिरवून फिरवून पाहिलं. मग पटावर ठेवून दारापर्यंत गेले, चष्मा हातातच, आणि तिथून पाहिलं.

"राऊत," ते मला म्हणाले, "ह्याला लढाईला नका नेऊ. ह्याला मांडवात न्या. मामा कुटं हायेत ते इचारतोय बघा."

मग त्यांनी तो नियम सांगितला, जो पुढे आमच्या खोलीत वेदवाक्य झाला. "एक वेगळं केलं तर सरदार. दोन केली तर नवरदेव. तीन केली तर बहुरूपी."

एक म्हणजे एकच. मान वळवलीत तर फेटा बदलायचा नाही. अंगरखा दिलात तर झेंडा द्यायचा नाही. काका शिपाई हातात घेऊन आधी बराच वेळ नुसते बसत. मग पात्यासारख्या बारीक करवतीने त्याचा हात किंवा मान कापत, कवळीच्या क्लिपची तार आत घालून ती दुसऱ्या अंगाने बसवत. अंगरखा हवा असला तर हिरड्यांचाच गुलाबी मसाला. मसाला कवळी करताना उरलेला असायचा, म्हणून मी ललवाणींना सांगत असे की तुमच्या त्या घोडदळाच्या म्होरक्याच्या अंगावर नेवाशाकडच्या एका माजी सरपंचाच्या हिरड्या आहेत, त्यामुळे तो शब्द फिरवणारच. आणि सरदार थोडा उंच दिसावा म्हणून पायाखाली दगड. तो दगड म्हणजे कवळीच्या तयार दातांच्या संचातून उरलेली दाढ. तिला करडा रंग दिला की सह्याद्रीचा कडा वाटावा. आमच्या पटावरचा प्रत्येक सरदार कुणाच्या ना कुणाच्या न बसवलेल्या दाढेवर उभा असे.

मग परीक्षा. सरदार शिपायांत मिसळून ठेवायचा, काकांनी दारात उभं राहायचं आणि चष्मा काढायचा. समोर पिठलं. त्या पिठल्यात बोट दाखवून "हा" म्हणता आलं तर पास. नाही आलं तर सरदार पुन्हा काकांच्या खोलीवर. मी विचारलं, बारीक काम एवढं करता, भुवया काढता, ते दारातून कुठे दिसणार? ते म्हणाले, "सरदार लांबून वळखू यावा, आन जवळून मानूस वाटावा. दोन्ही कामं येगळी. एकाच मानसानं करायची, ही पंचाईत." काकांना ती पंचाईत नव्हती. त्याच अधू डोळ्यांनी त्यांची दोन्ही कामं व्हायची: जवळचं बारीक त्यांच्याइतकं कुणाला दिसत नसे आणि लांबचं त्यांच्याइतकं कुणाला धूसर दिसत नसे.

एकदा मला सरदार मनासारखा उभा राहत नव्हता. काका म्हणाले, चला, उभं राहणारी माणसं बघून येऊ. आम्ही माळीवाडा स्टँडवर गेलो. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि एका खांबाला टेकून उभे राहिले. गाड्या लागतायत, माणसं धावतायत, काका त्या पिठल्यात बघतायत. मी म्हटलं, तो कंट्रोलर बघा, शिट्टी मारतोय. म्हणाले, दिसत न्हाई. तो पोलीस? दिसत न्हाई. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट केलं. "ती कोन हाय?" ती पेरूवाली होती. एक पाय फळांच्या खोक्यावर, कोपर गुडघ्यावर, आणि आजूबाजूला गर्दी असून तिच्याभोवती हातभर जागा मोकळी. कुणी तिला घासून जात नव्हतं.

इथवर ठीक होतं. पण गुडघा नेमका कसा दुमडलाय ते काकांना बघायचं होतं, आणि काकांचं बघणं म्हणजे तीन बोटांवरून. ते सरळ गेले आणि बाईच्या खोक्यापाशी वाकले.

"काय ओ बाबा, पेरू वर हायेत," ती म्हणाली.

"पेरू न्हाई, पाय बघतोय," काका खाली मान घालूनच म्हणाले.

तिने तराजूचं पारडं उचललं. मी मध्ये पडलो नसतो तर काकांना स्वतःलाच कवळी करावी लागली असती. मी तिला समजावलं की हे कलाकार आहेत, तुमची मूर्ती करणार आहेत. ती म्हणाली, माझी मूर्ती करायला मी काय मेलीय का? शेवटी आम्ही इतके पेरू घेतले की पुढच्या रविवारी दोन्ही फौजांना पुरून उरले. पण तो सरदार झाला. दाढेवर एक पाय, गुडघ्यावर कोपर, बाकी काहीही बदल नाही. तो पटावर असला की ललवाणींचे तिरंदाज आपोआप दुसरीकडे नेम धरत. मी फाशांची शपथ घेऊन सांगतो. ललवाणी म्हणतील हा थापा मारतो. तेही खरं आहे.

अशी वर्षं गेली. आणि मग तुरे वाढायला लागले.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. एका सरदाराला मान वळवून शिवाय तुरा होता. आम्हाला वाटलं, काका खुशीत असतील. पुढच्याला तुरा आणि झेंडा. त्यापुढच्याला तुरा, झेंडा, लाल अंगरखा. दर महिन्याला सरदार फुलत चालले. एकाचा झेंडा तर असा होता की पंखा लावला की सरदार घोड्यासकट पाठ फिरवायचा. एकाचा तुरा इतका उंच की त्याच्यामागचा डोंगर दिसेना. मी आणि ललवाणी एकमेकांकडे बघायचो आणि गप्प बसायचो. ज्या माणसाने आम्हाला एकाच्या वर जाऊ दिलं नाही, त्याला कसं सांगणार?

अखेर ललवाणींनी सांगितलं. होमिओपॅथ असल्यामुळे त्यांनी ते अगदी थोड्या मात्रेत सांगितलं. सरदार हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "काका, हा बहुरूपी झाला."

काकांनी तो घेतला, चष्मा काढला, तीन बोटांवर धरला. मग दोन बोटांवर. मग नाकाला टेकवला. 

"मला दारातनं दिसंना," ते म्हणाले, "म्हनून मी वाढवत गेलो."

त्याच आठवड्यात कर्जतहून एक कवळी परत आली. निवृत्त हेडमास्तरांची. दोन्ही सुळे उजव्या बाजूचे लागले होते. मास्तर हसले की आरशात एक आणि बाहेर दुसरेच दिसत होते. काकांच्या हातून असं कधीच झालं नव्हतं. रूथकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. घाबरायचं काही नाही. आतलं गढूळ झालेलं भिंग काढायचं आणि नवं बसवायचं. एवढ्या वर्षांचा जाड चष्मा जाईल, लांबचं लख्ख दिसेल.

"आन जवळचं?" काकांनी विचारलं.

जवळच्याला वाचायचा चष्मा लावायचा, त्या म्हणाल्या. किंवा हवं तर जवळचं भिंग बसवू, मग लांबच्याला चष्मा. काकांनी तीन बोटं नाकासमोर धरली. हे? बाई म्हणाल्या, इतकं जवळचं मात्र कुठल्याच भिंगाने राहणार नाही. ते कुणी मागतही नाही. "तसं दिसणं हा दोष होता, काका."

"दोष व्हय," काका म्हणाले. "त्याच दोषावर घर बांधलं. पोरींची लग्नं केली." आणि उठून चपला शोधायला लागले. त्या समोरच होत्या, पण त्यांना सापडेनात. रूथकाकूंनी पायाने पुढे सरकवल्या.

आता काकूंची बाजू. मला ती आधी कळली नव्हती. मला वाटत होतं त्यांना फक्त ऑपरेशन व्हावं एवढंच हवं आहे. घरी आल्यावर त्या बोलायला लागल्या. चष्मा लावूनही काकांना लांबचं धड कधी दिसलंच नाही. सुप्याच्या एका लग्नात त्यांनी भलत्याच नवरीला आशीर्वाद दिला होता आणि तिच्याच मांडवात जेवून आले होते. भाजीबाजारात दुसऱ्याच बाईच्या पिशवीला हात घालून "दे, मी घेतो" म्हणाले होते. ती बाई भली, तिने दिली. काका पिशवी घेऊन तिच्या दारापर्यंत गेले. हे काकू सांगत होत्या तेव्हा मी हसत होतो, काकाही हसत होते. काकू हसत नव्हत्या.

"लग्न झाल्यापासनं मी ह्यांना हाताच्या अंतरावरनं दिसती," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी, ताटापाशी, खाटेपाशी. समोरनं चालत येताना मी कशी दिसती, ते ह्यांनी एकदा तरी बघावं का न्हाई?"

 मी चहा अर्धा टाकून निघालो. माझ्यासारख्या माणसाने चहा टाकला, यावरून काय ते समजा.

तीन बोटांवरचं गेलं तर सरदार गेले, कवळ्याही गेल्या. ऑपरेशन नाही केलं तर हळूहळू दोन्हीकडे अंधार, आणि काकू कायमच्या पिठल्यात. काकांनी पुढचे काही रविवार ललवाणींच्या खोलीवर यायचंच बंद केलं. ललवाणी आणि मी जुनेच सरदार घेऊन खेळलो आणि कोण जिंकलं ते आम्हाला आठवतही नाही. मी हरलो असणार, म्हणून आठवत नसेल.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकू शेंगा फोडत होत्या. काका खुर्चीत बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत. काकूंकडे बघून, म्हणजे त्या होत्या त्या दिशेला बघून, म्हणाले, "उजवा तुझा. डावा माझा."

काकूंना कळलं नाही. मलाही. काकांनी समजावलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं आणि लांबचं भिंग घालायचं. डाव्याला हात लावायचा नाही. त्यात गढूळ कमी आहे, त्याच्यावर चालेल तितके दिवस काम चालवायचं. डॉक्टरीणबाईंनी समजावून पाहिलं की दोन डोळ्यांत इतका फरक पडला तर डोकं गरगरेल, माणूस तोल जाऊन पडेल. काका म्हणाले, "नवा बैल जुन्यासंगं जुपला की पयल्या दिवशी वाकडाच चालतो. मग शिकतो."

वाकडे चालले खरे. पट्टी निघाल्यावर आठ दिवस काका सरळ रस्त्याने कधी गेले नाहीत. डाव्या बाजूला जायचं असलं तर उजवीकडून गावाला वळसा घालून यायचे. पण बैल शिकले.

पुढे गुड फ्रायडे आला. उपासना संपायच्या वेळी काका मला म्हणाले, चला जरा, चर्चपाशी. आम्ही रस्त्याच्या पलीकडे मोटरसायकल लावून उभे राहिलो. काका त्या दिवशी मुद्दाम आत गेले नव्हते, आणि रूथकाकूंना ते माहीत होतं. दार उघडलं आणि बायका बाहेर आल्या. सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या साड्या, सगळ्यांच्या डोक्यावर पदर, सगळ्यांच्या हातात काळं पुस्तक. मला खरं सांगायचं तर माझी सख्खी बहीण त्यात असती तर मला ओळखता आली नसती. काकांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. ते ताठ उभे होते.

त्यांनी बोट केलं. "ती बघा. खांबाच्या अलीकडं."

त्याच होत्या. घोळक्यातून सुटून, पिशवी काखेत मारून, रस्ता ओलांडून त्या सरळ आमच्याकडे येत होत्या. काका त्यांना येताना बघत राहिले. मधे टेम्पो गेला तेव्हा मान वाकडी करून बघितलं. काकू पुढ्यात येऊन थांबल्या.

"वळखलंत का?"

"वळखलं," काका म्हणाले. "पन चालताना एवढी रागावलेली का दिसतीस?"

"मी पयल्यापासनं अशीच येती," काकू म्हणाल्या. "तुमाला आत्ता दिसलं."

त्यानंतर काका पुन्हा रविवारी येऊ लागले. काम करताना उजव्या डोळ्यावर रुमाल बांधत. दारातून परीक्षा घेतानाही तोच रुमाल. उजव्याचं गढूळ आता मधे येत नव्हतं, म्हणून सरदारांचे तुरे उतरले, झेंडे उतरले, पुन्हा एकावर आले. एकदा गंमत म्हणून त्यांनी रुमाल वर केला आणि नव्या डोळ्याने दारातून पट पाहिला. बराच वेळ पाहिला. म्हणाले, "अरे, ह्यो तर काय खेळच न्हाई. समदेच दिसायला लागले." आणि रुमाल खाली ओढला.

डॉक्टरीणबाई दर तपासणीला डाव्याची आठवण करायच्या. आता तोही पिकत आलाय, आता करून टाकू. काका म्हणत, तो मी संगं घेऊन जानार. त्या हसत. दाताच्या डॉक्टरांकडची कामं त्यांनी कमी केली, सरदार केले, मोजके. मला त्यातला एक मिळाला. तो शिपायांसारखाच आहे, फक्त त्याची मूठ उघडी आहे. त्यावर काकांनी आठवडे घालवले. मी विचारलं, एवढ्यासाठी? म्हणाले, फौज समदी मूठ आवळून हाय, एकाला तरी कायतरी द्यायचं सुचू दे.

परवाच्या थंडीत एका सकाळी काका गेले. चहा पिऊन खुर्चीत बसले होते, तिथेच. ललवाणी आणि मी पोचलो तेव्हा पोरी अजून वाटेत होत्या आणि काकू त्यांच्या शेजारी स्टुलावर होत्या. डोळे दान करायचे असं दोघांनी कधीतरी ठरवलेलं होतं. ललवाणींनी फोन केला आणि तासाभरात नेत्रपेढीचा एक माणूस पेटी घेऊन आला. शांत होता. त्याने काकूंना विचारलं, दोन्ही डोळ्यांना तुमची संमती आहे ना?

"उजवा माझा हाय," काकू म्हणाल्या. "तो मी देती. डाव्याचं मला इचारू नका. तो ह्यांचा हाय."

त्या माणसाला काही कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला. मी आयुष्यभर इतक्या गोष्टी रचून सांगितल्या, पण ही खरी गोष्ट त्याला कशी सांगावी ते मला सुचलं नाही. ललवाणी म्हणाले, काकू, मोतीबिंदूने अडत नाही, दोन माणसांना दिसेल. काकू म्हणाल्या, मला कळतंय ते. पण मी कोन परवानगी द्यायला?

 मग त्या माणसाने काय करावं? पेटी खाली ठेवली, काकांच्या खुर्चीपाशी वाकला आणि जिवंत माणसाला विचारावं तसं त्यांच्या कानाशी विचारलं, "काका, डावा नेऊ का?"

आम्ही सगळे थांबलो. खाली बोळात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून गेलं. काकूंनी काकांच्या तोंडाकडे हाताच्या अंतरावरून नीट पाहिलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हनायचं असतं तर एवढा येळ गप बसले नसते."